सटायव्हा, सटायव्हस की सटायव्हम? एका लॅटिन विशेषणाची चौकशी

गच्चीवरची_माती
नमस्कार मंडळी. सोसायटीच्या गच्चीवर आम्ही काही जणी मिळून भाजीपाला करतो. आता कुंड्यांना पाट्या लावायचं ठरलंय, वर मराठी नाव आणि खाली शास्त्रीय नाव. नावं गोळा करायला बसले तर एक शब्द सारखा आडवा येतोय. लसूण ऑलियम सटायव्हम, मुळा रॅफॅनस सटायव्हस, कोथिंबीर कोरिअँड्रम सटायव्हम, काकडी क्युक्युमिस सटायव्हस, वाटाणा पायसम सटायव्हम आणि भात (हौसेने टबात लावलाय, हसू नका) ओरायझा सटायव्हा. आधी वाटलं टायपो असतील, पण सगळीकडे असंच दिसतंय. तर हा शब्द आहे काय, आला कुठून, आणि त्याचं शेपूट दर वेळी का बदलतं? शाळेत शंभर मार्कांचं संस्कृत होतं त्यामुळे विभक्ती वगैरे ऐकून पळून जाणार नाही, बिनधास्त सांगा.

पेंगुळलेला_वाघ
ऑफिसात बसून 'सटायव्हा' गुगल केलं. स्क्रीनभर गांजा. मागे मॅनेजर उभा. नुकसानभरपाई धागाकर्तीकडून वसूल करण्यात येईल.

तिरकस
@वाघ, भांगेचं शास्त्रीय नावच कॅनाबिस सटायव्हा आहे, लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली दिलेलं. मग १७८५ मध्ये लामार्कने भारतातल्या नमुन्यांवरून कॅनाबिस इंडिका वेगळी काढली. आता अमेरिकेत दुकानदार सटायव्हा घेतलीत तर तरतरी आणि इंडिका घेतलीत तर झोप असं सांगून माल विकतात. विशेषणांनी नशा चढते हे आपल्याकडच्या राजकारणात जुनंच आहे म्हणा.

मूळपुरुष
इतकं डोकं खाजवायचं कारण नाही. सत्त्व, सात्त्विक, सटायव्हा. भात, केशर, काकडी सगळं सात्त्विक अन्न. शब्द इथून गेला, तिकडे उच्चार बिघडला. पण आपल्याच लोकांना पटणार नाही.

कुळीथपिठी
मूळपुरुष, म्हणजे लसूण सात्त्विक?? आमच्याकडे चातुर्मासात कांदालसूण बंद असतो, सासूबाईंना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवते. आज रात्रीच झणझणीत चटणी करून टाकू.

तिरकस
आणि भांगही सात्त्विक. पटतंय पटतंय, हळूहळू पटतंय.

पेंगुळलेला_वाघ
मला तर सटवाईचा संशय होता. पाचवीच्या रात्री येते, प्रत्येक भाजीच्या कपाळावर एक विशेषण लिहून जाते.

शब्दखूळ
चला, सटवाई झाली, आता व्युत्पत्ती. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

लॅटिनमध्ये 'सेरो' म्हणजे मी पेरतो. त्याचं भूतकाळवाचक धातुसाधित 'सतुस', म्हणजे पेरलेला. त्याला 'ईवुस' हा प्रत्यय लागून 'सतीवुस'. हाच प्रत्यय 'कप्तुस' म्हणजे पकडलेला याला लागून 'कप्तीवुस' म्हणजे कैदी होतो, इंग्रजीतलं कॅप्टिव्ह तिथलं. नेटिव्ह, ॲक्टिव्ह ही सगळी आयव्ह-वाली फौज त्याच घराण्यातली. म्हणजे सतीवुस हा पेरण्याशी संबंधित शब्द. सत्त्वाचं मूळ 'सत्', म्हणजे असणे, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

आता संस्कृतवाल्यांसाठी गंमत. स्था धातूचा वर्तमानकाळ करताना आपण तिष्ठति म्हणतो, म्हणजे धातूचं पहिलं अक्षर दुपटीने येतं. लॅटिनात त्याचा भाऊ 'सिस्तो'. पिबति तसं तिकडे 'बिबो'. सेरोसुद्धा याच जातीचा आहे, मूळ रूप 'सिसो' सारखं काहीतरी, मग लॅटिनच्या खास खोडीप्रमाणे दोन स्वरांत सापडलेल्या स चा र झाला. ही खोडी सगळीकडे दिसते: आपल्या जनस् चं षष्ठीचं रूप जनसः, तिकडे 'गेनुस' चं होतं 'गेनेरिस'. 'सतुस' मध्ये स पहिलाच असल्यामुळे वाचला. म्हणून एकाच धातूची दोन रूपं इतकी वेगळी दिसतात आणि माणूस सत्त्वापर्यंत भरकटतो.

इंग्रजीतले सो आणि सीड याच धातूचे. आणि ज्याला आपण आंब्याचा सीझन म्हणतो तो सीझनसुद्धा! लॅटिन 'सतिओ' म्हणजे पेरणी, त्यातून फ्रेंच सेझाँ, तिथून इंग्रजी. आधी पेरणीचा हंगाम, मग कुठलाही हंगाम.

मूळपुरुष
म्हणजे धातू एकच निघाले ना शेवटी? माझा मुद्दा तोच होता.

शब्दखूळ
तिष्ठति आणि सिस्तो हे एकमेकांचे चुलतभाऊ आहेत, कोणी कोणाचा बाप नाही. आणि पेरायला संस्कृतात वप् आहे, त्याचा सेरोशी संबंध नाही. पण तुम्ही काही ऐकणार नाही, तेव्हा राहू दे.

बांधावरून
आम्ही शेतकरी माणसं, लॅटिन कळत नाही, पण 'पेरलेला' हे भाषांतर खटकलं. भात पेरतात ते रोपासाठी, नंतर चिखलात लावणी असते. लसणाच्या पाकळ्या टोकतात, त्याला पेरणी कोण म्हणणार. काकडीचं बी टोकायचं, नाहीतर आळं करून लावायची. यादीतलं पेरायचं म्हणजे मुळा आणि कोथिंबीर, तेही फोकून. मग या सगळ्यांना एकच शब्द कसा?

बोटॅनिकबाई
बांधावरून यांनी नेमकं बोट ठेवलंय. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे म्हणून दोन शब्द. रोमन लेखकांच्या वापरात सतीवुसच्या समोर 'सिल्वेस्ट्रिस' असायचा, म्हणजे रानातला. तेव्हा सतीवुस म्हणजे बी मुठीत धरून पेरलेलं असा काटेकोर अर्थ उरला नव्हता, माणसाने लागवड केलेलं ते सतीवुस आणि आपोआप उगवलेलं ते सिल्वेस्ट्रिस. मराठीत 'लागवडीचा' म्हणा, सगळे बसतात.

सगळ्यात मोठा विनोद केशराचा आहे. क्रोकस सटायव्हस. केशराच्या झाडात गुणसूत्रांचे तीन संच असतात त्यामुळे त्याला बीच धरत नाही. फूल येतं, केशर येतं, बी नाही. काश्मीरात पाम्पोरला जाऊन बघा, जमिनीतले कंद काढायचे, वेगळे करायचे आणि पुन्हा लावायचे, पिढ्यानपिढ्या हेच. म्हणजे जे पेरताच येत नाही त्याच्या नावात पेरणी.

ओटचं उलट. अव्हेना सटायव्हा म्हणजे लागवडीचा ओट आणि गव्हात तण म्हणून माजतो तो अव्हेना फॅटुआ. फॅटुआ म्हणजे मूर्ख, निरर्थक.

कुळीथपिठी
अय्या, अव्हेना सटायव्हा! होमिओपॅथीची बाटली असते ना ती? बाबा झोपेसाठी घ्यायचे थेंब. म्हणजे ओट्सच होते की ते!

बांधावरून
लागवडीचा म्हणजे पटलं. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खात नाहीत, नांगरलेल्या रानातलं चालत नाही. म्हणजे त्या दिवशी सतीवुस बंद आणि दुसरा तो जो काय रानातला तो चालू.

शब्दखूळ
सिल्वेस्ट्रिस. ऋषिपंचमीची याहून नेमकी व्याख्या मी वाचलेली नाही.

झुआरीकाठ
इतके दिवस नुसता वाचत होतो, हा धागा पाहून राहवलं नाही. मी गोव्याचा, आमच्या घरातले एक थोरले काका राशोलच्या सेमिनरीत शिकले, त्यांच्या काळी लॅटिन म्हणजे रोजचं काम. ते आम्हा पोरांना सांगायचे, सेमिनरी म्हणजे पाद्री तयार करायची शाळा हा नंतरचा अर्थ, लॅटिनात 'सेमिनारिउम' म्हणजे रोपवाटिका! 'सेमेन' म्हणजे बी, त्यावरून. आणि हा सेमेन त्याच सेरोचा सख्खा. कॉलेजात करतात तो सेमिनारही तिथलाच. तर तुमच्या गच्चीवर जो रोपांचा ट्रे आहे तो खराखुरा सेमिनार, बाकीचे नुसते समोसे.

आणि उच्चाराचं राहिलंच. काका 'सतीवा' म्हणायचे, ती दीर्घ, जोर तीवर. सटायव्हा हा इंग्रजांचा उच्चार. रोमनांचा व तर आपल्या व सारखाही नव्हता, जवळजवळ ऊ, म्हणजे 'सतीऊस'.

बोटॅनिकबाई
वर्गात सतीऊस म्हटलं असतं तर मुलांनी शिंकले समजून काळजी घ्या म्हटलं असतं. सटायव्हा चालू द्या.

गच्चीवरची_माती
बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सीझन आणि सेमिनार तर कहर आहे. पण शेपूट राहिलं! लसणाला म आणि मुळ्याला स का?

तिरकस
कारण लसूण नपुंसकलिंगी आहे. तो लसूण, ती लसूण यावर मराठी घरांत दोन तट आहेत, रोमनांनी 'ते' करून वाद मिटवला.

कुळीथपिठी
ती लसूण. लसूण सोलली.

पेंगुळलेला_वाघ
तो. लसूण सोलला. ठेचला. परतला.

बांधावरून
तो लसूण. बाजार समितीत जाऊन ती लसूण म्हणून बघा, भाव पाडून मागतील.

कुळीथपिठी
आमच्याकडे सोलायचं काम बायकांकडे आहे, तेव्हा लिंगही आम्हीच ठरवणार.

शब्दखूळ
हा वाद मिटायचा नाही, मी शेपटाकडे वळतो.

मराठीत चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल. लॅटिनात हुबेहूब तेच. पुल्लिंगी सतीवुस, स्त्रीलिंगी सतीवा, नपुंसकलिंगी सतीवुम. वनस्पतीच्या नावातला पहिला शब्द म्हणजे प्रजाती हे नाम, आणि दुसरा शब्द विशेषण असेल तर त्याने पहिल्याच्या लिंगाप्रमाणे चालायचं. ऑलियम नपुंसक म्हणून सटायव्हम, ओरायझा स्त्रीलिंगी म्हणून सटायव्हा, रॅफॅनस पुल्लिंगी म्हणून सटायव्हस. क्युक्युमिसचं शेपूट वेगळं दिसतं पण तो पुल्लिंगीच, म्हणून काकडी बाईसाहेब तिकडे पुरुष. वनस्पतींच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय नियमातच हे आहे, कोणी चुकीचं शेपूट लावून नाव छापलं तर ते दुरुस्त करून वापरायचं, नाव रद्द होत नाही.

आता विभक्ती. पुल्लिंगी एकवचन: प्रथमा सतीवुस, द्वितीया सतीवुम, षष्ठी सतीवी, चतुर्थी आणि पंचमी दोन्ही सतीवो, संबोधन सतीवे. अनेकवचनात प्रथमा सतीवी, द्वितीया सतीवोस, षष्ठी सतीवोरुम, उरलेल्या दोन्ही सतीवीस. स्त्रीलिंगी: सतीवा, सतीवाम, षष्ठी-चतुर्थी सतीवाए, पंचमी पुन्हा सतीवा पण शेवटचा आ लांब ओढून. अनेकवचन सतीवाए, सतीवास, सतीवारुम, सतीवीस. नपुंसकलिंगी पुल्लिंगीसारखंच, फक्त प्रथमा-द्वितीया सारख्या, एकवचनी सतीवुम आणि अनेकवचनी सतीवा. संस्कृतचं नवः नवा नवम् शेजारी ठेवा, त्याचं लॅटिन नोवुस नोवा नोवुम, फार शिकवावं लागत नाही.

मराठीचा फरक इथे पडतो. आपण 'चांगल्या मुलाला' म्हणतो, विशेषणाचं एक सामान्यरूप करून सोडून देतो, प्रत्यय फक्त नामाला. 'चांगल्याला मुलाला' असं कोणी म्हणत नाही. लॅटिन मात्र तसंच म्हणतं, नामाला लावलेली विभक्ती विशेषणालाही लावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

तिरकस
सगळं ठीक पण लसणाला हाक मारून 'हे लागवडीच्या' असं कोण म्हणणार? त्या विभक्त्या व्यवहारात कुठे दिसतात?

बोटॅनिकबाई
संबोधन नाही दिसत, षष्ठी दिसते. औषधशास्त्रात. जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथात लसणाचं प्रकरण 'बल्बस आलिआय सटायव्हाय' या नावाने आहे, म्हणजे लागवडीच्या लसणाचा कंद. आलियमचं आलिआय झालं आणि त्याच्या मागोमाग सटायव्हमचं सटायव्हाय. शिवाय २०११ अखेरपर्यंत नवीन वनस्पतीचं नाव मान्य व्हायला लॅटिनमध्ये वर्णन द्यावंच लागायचं, आमच्या पिढीने या पंचम्या-षष्ठ्या रडत रडत लिहिल्यात. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजी चालतं.

पेंगुळलेला_वाघ
एक शंका. लसूण ऑलियम सटायव्हम तर कांदा ऑलियम सेपा कसा? सेपम पाहिजे ना? पकडला की नाही नियम?

शब्दखूळ
नाही पकडला. 'सेपा' हे विशेषणच नाही, ते कांद्याचं लॅटिन नाव आहे, नाम. नामाला नाम जोडलं की ते आपलं लिंग सोडत नाही. 'गाव पुणे' म्हणताना पुण्याचं काही बदलतं का?

झुआरीकाठ
आणि पिंपळ? फायकस रिलिजिओसा. फायकस तर रॅफॅनससारखाच दिसतो, मग रिलिजिओसस का नाही?

बोटॅनिकबाई
झाडं! लॅटिनात झाडांची नावं बहुधा स्त्रीलिंगी, शेवट 'उस' असला तरी. म्हणून वड फायकस बेंगालेन्सिस, उंबर फायकस रेसिमोसा, पिंपळ रिलिजिओसा, चिंच टॅमरिंडस इंडिका, महाळुंग सिट्रस मेडिका. सगळ्या बाया. वटसावित्रीला कोण कोणाला फेऱ्या मारतंय ते बघा मग.

दुसरं म्हणजे सगळी विशेषणं तीन शेपटांची नसतात. 'व्हल्गॅरिस' म्हणजे सामान्य, हा पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी एकच आणि नपुंसकात 'व्हल्गॅरे'. घेवडा फॅसिओलस व्हल्गॅरिस, बीट बीटा व्हल्गॅरिस, पण जव होर्डियम व्हल्गॅरे. आणि ज्वारीचं 'सॉर्घम बायकलर' घ्या, बायकलर तिन्ही लिंगांत तसाच. आपल्याकडे चांगला बदलतो आणि सुंदर बदलत नाही, तसं.

बांधावरून
गहू काय मग?

बोटॅनिकबाई
ट्रिटिकम एस्टिव्हम. एस्टिव्हम म्हणजे उन्हाळी.

बांधावरून
गहू उन्हाळी? रब्बीला पेरून होळीला काढतो आम्ही. तिकडच्या थंडीत करत असतील उन्हाळ्यात. नाव देणाऱ्याने एकदा नाशकाकडे फिरून जायचं होतं.

कुळीथपिठी
माझ्या आयडीवरून विचारते, कुळथाचं काय?

बोटॅनिकबाई
कुळीथ तर या धाग्याचा हिरो व्हायला पाहिजे. लामार्कने ठेवलेलं नाव डॉलिकॉस युनिफ्लोरस. पुढे त्याला मॅक्रोटायलोमा प्रजातीत हलवलं, ती नपुंसक, म्हणून युनिफ्लोरम झाला. मूग आधी फॅसिओलस रेडिएटस, आता व्हिग्ना रेडिएटा. मटकी फॅसिओलस ॲकोनिटिफोलियस होती, आता व्हिग्ना ॲकोनिटिफोलिया. घर बदललं की शेपूट बदलायचं. आणि उडीद म्हणजे व्हिग्ना मुंगो. त्याचं शेपूट बदललं नाही कारण मुंगो हे नाम.

पेंगुळलेला_वाघ
थांबा थांबा. उडदाचं नाव मुंगो?? आणि मुगाचं रेडिएटा? मूग गिळून गप्प बसतो.

धानपट्टी
भंडाऱ्याकडून नमस्कार. वाटाण्याबद्दल एक सांगतो. वाटाण्याचं पायसम सटायव्हम हे नाव आता पाठ्यपुस्तकापुरतं राहणार असं दिसते. त्याला लॅथायरस प्रजातीत टाकताहेत. नियमाने लॅथायरस पुल्लिंगी, म्हणजे लॅथायरस सटायव्हस व्हायला पाहिजे होतं. पण ते नाव लिनियसनेच दुसऱ्याला देऊन ठेवलंय, आमच्या लाखोळीला, म्हणजे लाखेच्या डाळीला! तीच लाखोळी, धान उभं असतानाच ओलीवर फेकतो ती. जास्त खाल्ली तर पाय लुळे पडतात म्हणून १९६१ साली बंदी आली होती, दुष्काळात लोकं नुसतीच लाखोळी खाऊन अपंग झाले होते. तर सटायव्हस ही जागा लाखोळीने आधीच अडवलेली, म्हणून वाटाण्याला लॅथायरस ओलेरेसियस व्हावं लागलं.

शब्दखूळ
क्या बात है. एका प्रजातीत एक नाव एकालाच. ओलेरेसियस म्हणजे भाजीचा, पालक स्पिनेशिया ओलेरेशिया, कोबी ब्रॅसिका ओलेरेशिया, पावसात उगवणारी घोळ पोर्ट्युलाका ओलेरेशिया. शेपटं आता तुम्हीच ओळखा.

मूळपुरुष
ओलेरेसियस म्हणजे ओल्या रसाचा. स्पष्ट आहे.

तिरकस
कोणीतरी यांना पद्मश्री द्या.

गच्चीवरची_माती
सगळ्यांचे खूप आभार. पाट्या रंगवणारा उद्या येतोय. लसूण सटायव्हम, मुळा सटायव्हस, भात सटायव्हा हे पक्कं. पण वाटाण्याला पायसम लिहू की लॅथायरस?

बोटॅनिकबाई
पायसम सटायव्हम लिहा आणि खाली बारीक अक्षरात लॅथायरस ओलेरेसियस. बियांच्या पाकिटावर अजून बरीच वर्षं पायसमच छापून येईल, लोकांचा गोंधळ नको. आणि रंगाऱ्याला सांगा, पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, दुसऱ्याचं लहान, दोन्ही तिरके. तो हमखास दोन्ही मोठी काढतो.

बांधावरून
टबातल्या भाताला पाणी तोडू नका आत्ता, पोटरीत असेल, म्हणजे कणीस बाहेर यायच्या बेतात.